मुलगा मोठा होतो म्हणजे नेमकं काय होतं? 'श्यामची आई' ते 'नाळ' : मराठीतल्या वाढत्या वयाच्या मुलांच्या गोष्टी

२०२३ च्या दिवाळीत मराठीत दोन चित्रपट एकाच दिवशी आले. एक होता 'श्यामची आई', दुसरा 'नाळ भाग २'. पहिला सुमारे ९० वर्षांपूर्वीच्या पुस्तकावर बेतलेला आणि कृष्णधवल, दुसरा आजचा आणि रंगीत. दोन्हींच्या मध्यभागी एक मुलगा आणि त्याची आई. पुढे ७१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'श्यामची आई' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला आणि 'नाळ भाग २' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट.

हा योगायोग असेलही. पण मराठी माणसाला ही गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते, हे मात्र खरं. एक मुलगा असतो, त्याच्यावर काहीतरी कोसळतं आणि तो त्यातून मोठा होतो. श्याम, लंपन, मुकुंदा, जब्या, चैत्या अशी ही नावांची रांग आहे.

या गोष्टींमध्ये सारखं काय आहे? वेगळं काय आहे? आणि धानाच्या बांध्यांत, बोडीच्या काठावर वाढणारा भंडारा जिल्ह्यातला मुलगा या रांगेत कुठे उभा आहे? नीट समजून घेऊ.

या प्रकाराला म्हणतात काय?

जर्मन भाषेत यासाठी 'बिल्डुंग्सरोमान' असा शब्द आहे. घडण्याची, जडणघडणीची कादंबरी असा त्याचा अर्थ. जर्मन लेखक गटे याची १७९५-९६ साली आलेली 'विल्हेल्म माइस्टर' ही कादंबरी या प्रकाराचा नमुना मानली जाते. तिथला साधारण साचा असा : तरुण घर सोडतो, जग पाहतो, ठेचा खातो आणि शेवटी समाजात आपली जागा शोधतो.

मराठीत यासाठी एकच रुळलेला शब्द नाही. कुणी 'कुमारकथा' म्हणतं, कुणी 'संस्कारक्षम वयाची कथा'. एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक आणि मुलाबद्दल लिहिलेलं पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'फास्टर फेणे' मुलांसाठी आहे. 'कोसला' मुलाबद्दल आहे, पण ती दहा वर्षांच्या मुलाच्या हातात कुणी देणार नाही. 'श्यामची आई' दोन्हीकडे बसते, आणि ती इतकी टिकली याचं एक कारण तेही आहे.

सुरुवात तुरुंगातून

साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ९ फेब्रुवारी १९३३ ला लिखाण सुरू झालं आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपलं. म्हणजे पाच दिवसांचा मामला. पुस्तक १९३५ साली आलं. रचना साधी आहे : आश्रमात रोज रात्री श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. अशा ४२ रात्री.

अनेकांच्या मनात हे पुस्तक 'रडवणारं' आणि 'संस्कार शिकवणारं' एवढंच राहिलेलं असतं. मोठेपणी पुन्हा वाचलं तर दुसरीच गोष्ट दिसते. श्यामचं घर एकेकाळी सुस्थितीत होतं आणि ते हळूहळू खचत चाललं आहे. वडील कर्जात बुडाले आहेत. सावकाराचा माणूस दारात येऊन आईला टाकून बोलतो, आणि मुलगा काही करू शकत नाही. म्हणजे संस्कारांच्या गोष्टीच्या पोटात एका घराच्या आर्थिक पडझडीची गोष्ट आहे.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली यावर चित्रपट केला. वनमालाबाई आई झाल्या आणि माधव वझे श्याम. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक या मराठी चित्रपटाला मिळालं.

दुसरी वाट : ज्याला कशाचीच भीती नाही

श्यामच्या अगदी उलट टोकाला उभा आहे बनेश फेणे. भा. रा. भागवत यांनी घडवलेला हा फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल दामटतो, आश्चर्य वाटलं की तोंडाने 'टॉक्' असा आवाज काढतो आणि मोठ्या माणसांना न सापडलेले गुन्हेगार पकडतो. फास्टर फेणेची २० पुस्तकं आली. पुढे दूरदर्शनवर मालिका झाली, त्यात सुमीत राघवन होते. २०१७ साली अमेय वाघ यांचा चित्रपट आला.

फेणेच्या जगात संकट बाहेरून येतं : चोर, तस्कर, पूर, युद्ध. मुलगा धावतो आणि जिंकतो. पण फेणे फारसा मोठा होत नाही. पहिल्या पुस्तकात जसा असतो, तसाच पुढेही राहतो. साहसकथेचा तो नियमच आहे. म्हणून फेणे वाचताना मजा येते, धीर येतो. पण आपल्या घरात काही बिनसलं असेल तर मूल फेणेकडे जात नाही. तिथे श्याम लागतो, किंवा लंपन.

लंपन : ज्याला दुखतंय, पण काय ते कळत नाही

प्रकाश नारायण संत यांचा लंपन 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' (२००४) या चार पुस्तकांत भेटतो. २००३ साली संतांचं निधन झालं, त्यामुळे चौथं पुस्तक त्यांच्या पश्चात आलं.

लंपन आई-वडिलांपासून दूर, बेळगावकडच्या मुलखात आजी-आजोबांकडे राहतो. आजूबाजूला कानडी मिसळलेली मराठी. घरात माया भरपूर आहे, कमी काहीच नाही. तरी आई-बाबांकडे आपण का नाही, हा प्रश्न आतून कुरतडतो. लंपन तो प्रश्न नीट मांडूही शकत नाही, आणि संतांचं मोठेपण तिथेच आहे. मुलाला जेवढं कळतं तेवढंच ते सांगतात, उरलेलं वाचकाला कळतं. २०२४ साली यावर 'लंपन' ही वेब मालिका आली आणि गोव्याच्या इफ्फी महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला.

शाळा सुटते तेव्हा

मिलिंद बोकील यांची 'शाळा' २००४ साली आली आणि एका अख्ख्या पिढीने ती आपली मानली. काळ आणीबाणीचा, म्हणजे १९७५ ते ७७. मुकुंदा जोशी नववीत आहे. मित्रांचं टोळकं आहे, वर्गातली शिरोडकर आहे. बाहेर देशात माणसं तुरुंगात जात आहेत आणि याच्या डोक्यात ती आज कुठल्या रस्त्याने घरी जाईल, एवढंच आहे. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते. भांडण नाही, खलनायक नाही. मोठ्यांनी मोठ्यांचे निर्णय घेतले आणि मुलाचं जग संपलं. सुजय डहाके यांनी यावर चित्रपट केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२३ ची 'श्यामची आई' त्यांचीच.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) हीच रेघ पुढे ओढते. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर शिकायला पुण्याला जातो. गटेच्या नायकाला जगात आपली जागा सापडते. पांडुरंग मात्र शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो, आणि गावातही पूर्वीसारखा मिसळू शकत नाही. 'शिक, शहरात जा, मोठा हो' या आपल्याकडच्या ठरलेल्या मार्गावर एवढी मोठी शंका याआधी क्वचितच कुणी घेतली होती. खेड्यातून शहरात शिकायला गेलेला आजचा मुलगाही ती वाचून दचकतो.

जिथे शिकणं हीच लढाई असते

श्यामच्या घरी गरिबी होती, पण त्याने शिकू नये असं कुणी म्हणत नव्हतं. आनंद यादव यांच्या 'झोंबी'त (१९८७) नेमकं तेच घडतं. कागलचा कुळवाड्याचा मुलगा. बापाला तो शेतावर हवा आहे, शाळेत नको. मग आई आणि मुलगा मिळून गावातल्या वजनदार माणसाकडे जातात आणि त्यांच्याकडून बापाला दटावून घेतात. शाळेत कवितेचा नाद लागतो. रानात म्हशी राखताना कागद-पेन्सिल नसली की हा मुलगा म्हशीच्या पाठीवर काडीने कविता लिहितो. या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा एक भाग 'जूझ' या नावाने बारावीच्या हिंदी पाठ्यपुस्तकातही गेला, त्यामुळे देशभरच्या मुलांना तो माहीत आहे.

यापुढची पायरी दलित आणि भटक्या समाजातल्या आत्मकथनांची : दया पवार यांचं 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (१९८७). ही कल्पित नाहीत, जगलेली आयुष्यं आहेत. पण मराठीतल्या मुलाच्या गोष्टीचा पाया त्यांनी बदलला. तोवर मुलाचा प्रश्न 'मी चांगला माणूस कसा होऊ?' असा होता. इथे तो 'मला माणूस मानतील का?' असा झाला.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला (२०१३) जब्या याच रांगेतला. कैकाडी समाजातला हा मुलगा वर्गातल्या शालूवर जीव टाकतो, काळ्या चिमणीमागे फिरतो. आणि एके दिवशी शाळेतली मुलं बघत असताना त्याला घरच्यांबरोबर डुक्कर पकडायला धावावं लागतं. शेवटी तो भिरकावतो तो दगड थेट आपल्या दिशेने येतो.

मग सगळ्यांत सारखं काय?

या सगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की एक क्षण वारंवार दिसतो. मुलगा मोठा होतो तो परीक्षा पास झाला म्हणून नाही, प्रेमात पडला म्हणूनही नाही. घरातली मोठी माणसं हतबल आहेत, हे त्याला ज्या क्षणी दिसतं, त्या क्षणी तो मोठा होतो.

श्यामला ते सावकाराच्या माणसासमोर आईचा चेहरा बघून कळतं. जब्याला बापाची लाचारी बघून. मंगेश हाडवळे यांच्या 'टिंग्या'त (२००८) शेतकऱ्याचा मुलगा जायबंदी झालेल्या चितंग्या बैलासाठी हट्ट धरतो. बापालाही बैल प्यारा आहे, पण कर्जापुढे त्याचं काही चालत नाही. 'श्वास'मध्ये (२००४) आजोबा नातवाचे डोळे वाचवू शकत नाहीत. ते त्याला फक्त, डोळे जाण्याआधी, जग दाखवून आणू शकतात.

'झोंबी'त हेच उलट्या बाजूने येतं. तिथे बाप हतबल दिसत नाही, तो आडवा येतो. पण मोठेपणी मागे वळून लिहिताना त्या बापाच्या मागे उभी असलेली गरिबी लेखकाला दिसते. आणि फास्टर फेणे मोठा का होत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. त्याला तो क्षण कधी भेटतच नाही.

विदर्भाचा मुलगा : 'नाळ'

१६ नोव्हेंबर २०१८ ला 'नाळ' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी. ते मूळचे आंध्र प्रदेशचे, 'सैराट'चे छायाचित्रकार. गोष्ट विदर्भातल्या नदीकाठच्या खेड्यातली. आठेक वर्षांचा चैत्या, म्हणजे चैतन्य, दिवसभर गावभर हुंदडतो. श्रीनिवास पोकळे याने तो साकारला, आईच्या भूमिकेत देविका दफ्तरदार आणि वडिलांच्या भूमिकेत नागराज मंजुळे. एके दिवशी मामा बोलता बोलता सांगून टाकतो, की ही तुझी खरी आई नाही.

पुढे काही मोठं नाट्य घडत नाही. आई रोजच्यासारखीच वागते. पण चैत्याला तिच्या प्रत्येक कृतीत नवा अर्थ दिसायला लागतो. रागावली तर 'खरी नाही म्हणून', लाड केले तरी संशय. घर तेच, अंगण तेच, पण मुलाच्या पायाखालची जमीन सरकलेली. चित्रपटाला दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले : दिग्दर्शकाच्या पदार्पणासाठी आणि श्रीनिवासला बालकलाकार म्हणून. दुसऱ्या भागात चैत्या जन्मदात्या आईच्या शोधात पश्चिम महाराष्ट्रात जातो आणि तिथे त्याला बहीण चिमी भेटते. दोन भावंडांमध्ये नुसतं अंतर नाही, बोलीही वेगळी आहे.

'नाळ'ने एक महत्त्वाची गोष्ट केली. विदर्भातली बोली मराठी पडद्यावर बरेचदा हसवण्यासाठी वापरली जाते. इथे एक मुलगा त्याच बोलीत रुसतो, रडतो, आईला परखतो. पुस्तकांत हे आधी झालं होतं. उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) वऱ्हाडी बोलीतच कौतिक आणि तिच्या लेकरांची होरपळ सांगते. पण 'नाळ'मुळे ही भाषा घराघरांत पोहोचली.

आणि भंडाऱ्याचा पोरगा?

वैनगंगेच्या खोऱ्यातला भंडारा जिल्हा झाडीपट्टीचा भाग आहे. इथली झाडीबोली वऱ्हाडीपेक्षा वेगळी. वऱ्हाडीकडे 'काळा'चा 'काया' होतो, इथे 'डोळा'चा 'डोरा' होतो. साकोली भागातले डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास मांडला आणि १९९० च्या दशकापासून झाडीबोलीची साहित्य संमेलनं भरू लागली. कविता, कथा लिहिल्या गेल्या. पण श्याम किंवा लंपनसारखा, अख्ख्या महाराष्ट्राला नावाने ठाऊक असलेला झाडीपट्टीचा मुलगा मराठी कथेत अजून आलेला नाही.

याचा अर्थ इथे गोष्टी नाहीत असा नाही. इथे गोष्ट सांगायची जागा वेगळी आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार असते, खडी गंमत असते. दंडारीत परंपरेने स्त्रीपात्रंही पुरुषच करतात. म्हणजे एखादा कोवळा पोरगा लुगडं नेसून आपल्याच गावासमोर उभा राहतो. लाज, टिंगल आणि टाळ्या हे तिन्ही त्याला एकाच रात्री भेटतात. वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात. तिथल्या मंडळ्या हंगामभर गावोगाव रात्र-रात्र नाटकं करतात. ही कला पुस्तकाच्या कपाटात दिसत नाही, म्हणून तिची गणती होत नाही, एवढंच.

आणि कच्चा माल म्हणाल तर किती! पवनी तालुक्यात गोसेखुर्द इथे वैनगंगेवर धरण झालं. त्याचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज पन्नाशीकडे झुकला आहे. त्याचं गाव बुडीत क्षेत्रात असेल, तर त्याचं सगळं वाढणं 'आज उठायचं की उद्या' या टांगणीत झालं. घर सारवावं की नाही, नवं छप्पर घालावं की नाही, शाळेत नाव कुठल्या गावचं लावावं, हे त्याच्या घरातले प्रश्न होते. घरातली मोठी माणसं हतबल दिसण्याचा तो क्षण त्याच्या वाट्याला वर्षानुवर्षं पुरला.

तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी घ्या. भंडारा शहरातली पितळी भांड्यांची कारागिरी घ्या : ठोक्यांच्या आवाजात वाढलेला मुलगा, आणि पुढे स्टीलची भांडी घरोघर आल्यावर गप्प झालेला बाप. रोवण्याच्या दिवसांत शाळेतली रिकामी बाकं घ्या. यातली प्रत्येक गोष्ट 'झोंबी'इतकीच खरी आहे.

कोणत्या वयाला काय द्यावं?

घरात वाढतं मूल असेल तर हा ढोबळ क्रम उपयोगी पडेल.

* ८ ते ११ वर्षं : 'फास्टर फेणे'. वाचनाची गोडी लागायला याहून सोपी वाट नाही. 'श्यामची आई' एकदम हातात देऊ नका, रात्री एकेक प्रकरण वाचून दाखवा. पुस्तकाची रचनाच तशी आहे.
* ११ ते १४ वर्षं : लंपनची चार पुस्तकं, 'वनवास'पासून क्रमाने. सोबत 'टिंग्या' आणि 'नाळ' हे चित्रपट. मूल दत्तक असेल तर 'नाळ' एकट्याने बघू देऊ नका, शेजारी बसा. नंतर बोलणं होईलच.
* १४ ते १७ वर्षं : 'शाळा', 'झोंबी', 'फँड्री'.
* १७ च्या पुढे : 'कोसला', 'बलुतं', 'उचल्या', 'धग'.

एक गोष्ट टाळा. पुस्तक संपल्यावर 'यातून काय शिकलास?' असं विचारू नका. 'तुला त्यातलं कोण आवडलं नाही?' असं विचारा. मुलगे या प्रश्नाला जास्त खरं उत्तर देतात.

हे सगळं महत्त्वाचं का?

आपल्याकडे मुलग्यांना बोलायला फार जागा नसते. 'रडतोस काय पोरीसारखा' हे वाक्य त्यांनी शाळेत जायच्या आधीच ऐकलेलं असतं. बापाचं कर्ज, आईचं आजारपण, नापास होण्याची भीती, कुणी जातीवरून केलेली चेष्टा हे सगळं मुलगा आत ठेवतो आणि बाहेर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. या गोष्टी त्याला एवढंच सांगतात, की हे तुझ्याआधीही कुणाच्या तरी वाट्याला आलं होतं आणि त्याने ते शब्दांत सांगितलं.

मात्र त्यासाठी गोष्टीतला मुलगा थोडा तरी आपल्यासारखा बोलणारा लागतो. लंपन बेळगावकडची मराठी बोलतो म्हणून तो खोटा वाटला नाही. चैत्या विदर्भातलं बोलला म्हणून कुणाचं अडलं नाही. लाखांदूर किंवा मोहाडीचा एखादा पोरगा 'डोरे' पुसत आपली गोष्ट सांगेल, तेव्हा ती पुण्या-मुंबईलाही कळेलच.

तोवर एक काम कुणालाही करता येईल. घरातल्या आजोबांना विचारा : तुम्ही मोठे झालात हे तुम्हाला कोणत्या दिवशी कळलं? उत्तर यायला वेळ लागेल. आलं की त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा, सुधारून नको.